पाणथळीचा निरोप

फार फार जुन्या काळची गोष्ट आहे, मुलांनो, आणि मुलांच्या मागे बसून कान टवकारणाऱ्या मोठ्यांनो. तेव्हा पाण्याला बोलता येत होतं. आजही येतं म्हणतात, पण तेव्हा माणसं ऐकायला थांबत असत.

एका राज्यात उतारावर वसलेलं एक नगर होतं. नगराच्या पायथ्याशी एक भलीमोठी पाणथळ पसरली होती. तिला धड तळं म्हणता येत नव्हतं आणि धड जमीनही म्हणता येत नव्हतं. गुडघाभर पाणी, कमरेइतकी लव्हाळी, मधूनच कमळं आणि काठाला एका पायावर उभे बगळे. पावसाळ्यात नदी फुगली की तिचं जास्तीचं पाणी पाणथळीत शिरायचं, पसरायचं आणि निवायचं. नगर कोरडं राहायचं. पण आपण कोरडे का राहतो, हा प्रश्न कोरड्या माणसाला कधी पडत नाही.

या राज्याचा कारभारी मोठा गोड बोलणारा होता. त्याच्या दारातून रिकाम्या हाताने परतलेली माणसं पुष्कळ होती, पण रागावून परतलेलं कुणीच नव्हतं. "बघू", "करू", "तुमची सोय करू" हे शब्द त्याच्या जिभेवरच असायचे. कुणी जायला उठलं की तो उंबऱ्यापर्यंत सोडायला यायचा आणि हात जोडून म्हणायचा, "या हं. सावकाश या."

आता ही आपली रीत तुम्हाला ठाऊकच आहे. निघालेला माणूस 'जातो' म्हणत नाही, 'येतो' म्हणतो. 'जातो' म्हणणं अशुभ. मग निरोप देणाराही 'जा' म्हणत नाही, 'या' म्हणतो. सगळ्यांना कळतं की माणूस चाललाय, आणि सगळे बोलतात मात्र येण्याचं. गोड रीत आहे. फक्त समोर माणूस असेल तरच ती चालते.

कारभाऱ्याला एकच लेक होती. लग्न होऊन ती लांबच्या मुलखात गेली होती. तिची आठवण आली की हा बोलका माणूस जेवता जेवता गप्प व्हायचा आणि ताटावरून उठायचा. जावई म्हणाला होता, "नगरात घर मिळालं तर आम्ही इथेच येऊन राहू." पण नगरात तीळ ठेवायला जागा नव्हती. एकेका घरात तीन-तीन चुली पेटत होत्या. कारभाऱ्याच्या मनात आलं, पाणथळ बुजवावी आणि तिथे नवी पेठ वसवावी. लोकांना घरं मिळतील आणि आपली लेक हाकेच्या अंतरावर येईल. विचार दिसायला अगदी चांगला होता.

तो राजाकडे परवानगी मागायला गेला.

राजा म्हणाला, "कोरडी जमीन माझी, ती मी देईन. पाणी माझं नाही. पाणी बुजवायचं तर पाण्यालाच विचारायचं, असा आमच्या घराण्याचा नेम आहे. दिवेलागणीला पाण्यात उभे राहा, विचारा आणि उत्तर जसंच्या तसं मला येऊन सांगा."

कारभारी मनात हसला. पाण्याला विचारायचं म्हणजे पाण्यात उभं राहायचं आणि परत यायचं, एवढंच त्याला वाटलं. संध्याकाळी तो एकटाच उतरला. वहाणा काठावर ठेवल्या, धोतर वर खोचलं आणि गुडघाभर पाण्यात जाऊन उभा राहिला.

बेडूक ओरडत होते. ते सगळे एकदम गप्प झाले.

कारभाऱ्याने खाली पाहिलं. पाण्यात त्याचं प्रतिबिंब होतं. त्याच्या शेजारी हिरवं लुगडं नेसलेली एक बाई बसली होती. त्याने दचकून बाजूला पाहिलं. बाजूला कुणी नव्हतं, नुसती लव्हाळी हलत होती. त्याने पुन्हा खाली पाहिलं. ती तिथेच होती आणि त्याच्याकडे बघत होती.

"बोल," ती म्हणाली. आवाज त्याच्या पायांतून वर आला.

कारभारी घाबरला, पण गोड बोलायची सवय भीतीहून जुनी होती. तो म्हणाला, "बाई, गाव वाढलं. लेकराबाळांना जागा पुरत नाही. तुम्ही जरा इथून उठाल का?"

"मी बसलेली तुला दिसते. माझ्या मांडीवर कोण निजायला येतं, ते ठाऊक आहे का? नदी येते. पावसाळ्यात डोंगरावरून दमून येते आणि माझ्या मांडीवर डोकं टेकते. मी उठले तर ती कुठे निजेल?"

"तिची सोय करू."

"कुठे?"

"बघू. करू कुठेतरी."

मग ती म्हणाली, "सवाशिणीला रिकाम्या ओटीने घालवू नये. माझी ओटी भर."

"भरतो की! काठोकाठ भरतो," कारभारी म्हणाला. त्याला आनंद झाला होता.

"बरं तर. येते."

आणि कारभाऱ्याने हात जोडले. जन्मभराच्या सवयीने त्याच्या तोंडून निघून गेलं, "या हं. सावकाश या."

सगळे बेडूक एकदम ओरडू लागले. त्याने खाली पाहिलं. पाण्यात तो एकटाच होता.

दुसऱ्या दिवशी त्याने राजाला तिचा शेवटचा शब्द जसाच्या तसा सांगितला. "महाराज, पाणथळ म्हणाली, 'येते.'" दरबारातल्या सगळ्यांनी माना डोलावल्या. येते म्हणाली, म्हणजे गेलीच की. याहून चांगला होकार काय असतो? राजालाही तसंच वाटलं. परवानगी मिळाली. स्वतः काय म्हणाला ते कारभाऱ्याने सांगितलं नाही. कुणी विचारलंही नाही.

घरी मात्र बायकोने विचारलं.

"ती 'येते' म्हणाली, आणि तुम्ही काय म्हणालात?"

कारभारी पाय धूत होता. पायाचा चिखल काही केल्या निघत नव्हता. तो म्हणाला, "काय म्हणणार? रीतीप्रमाणे निरोप दिला."

"अहो, पण ती काही आपल्या नात्यातली पाहुणी नव्हे, शब्दांची गंमत समजायला. तिला जे कळलं असेल तेच ती करील. निदान ओटी तरी नीट भरा. तांदूळ, नारळ, खण घेऊन जा."

"एवढ्या मोठ्या ओटीला कितीसे तांदूळ पुरणार? ओटी भर म्हणाली, आपण भराव घालू. भरणं ते भरणंच."

स्वतःच्या विनोदावर तो हसला. बायको हसली नाही.

डोंगराची एक कड फोडली. मुरूम आणि दगड गाड्या भरभरून खाली आले. कमळं दबली, लव्हाळी दबली. पुढच्या पावसाळ्याआधी नवी पेठ उभी राहिली. सरळ रस्ते, रंगीत दारं आणि दारोदार तुळशीवृंदावन. कारभाऱ्याने लेकीसाठी सगळ्यांत सुरेख घर बांधलं. पेठेच्या मधोमध, म्हणजे जिथे पूर्वी पाणी सगळ्यांत खोल होतं तिथे. लेक आणि जावई तान्ह्या बाळाला घेऊन राहायला आले. कारभारी आता रोज पोटभर जेवू लागला. त्या वर्षी पाऊस बेताचाच झाला. लोकांनी पेढे वाटले.

थंडी पडली तशी परमुलखातली बदकं आली. दरवर्षी ती पाणथळीत उतरायची. पेठेवर ती घिरट्या घालत राहिली आणि मग रस्त्यांवर उतरली. दगडी रस्त्यावर ती पाण्यात बसावं तशी बसली, पाय मारू लागली, चोच खाली घालून काहीतरी टिपू लागली. पोरांनी खडे मारले तरी ती उठेनात. लोक आधी हसले. मग दारं लावून घेऊ लागले.

लेकीच्या अंगणात एक बगळा येऊन उभा राहायचा. एका पायावर, सकाळपासून, फरशीकडे टक लावून. फरशीखाली मासा हलावा तशी मान हळूच वळवायचा.

भर दुपारी सगळीकडे सामसूम झाली की घरांच्या जमिनीखालून बेडूक ओरडल्यासारखा आवाज यायचा. उंबऱ्यावरची रांगोळी रोज सकाळी ओली होऊन पुसलेली असायची, आणि ती घराच्या आतल्या बाजूने पुसली जायची. बाळ पाळण्यात रडता रडता एकदम थांबायचं, कुशीवर वळून खाली बघायचं आणि हसून हात पुढे करायचं. पाळण्याखाली कुणीही नसायचं.

एके दिवशी लेक म्हणाली, "बाबा, दुपारी कुणीतरी दार वाजवतं. बाईचा आवाज असतो. 'येऊ का?' म्हणते. मी फटीतून पाहिलं, तर दारात कुणी नव्हतं. उंबरा तेवढा ओला होता."

"गवळण असेल," कारभारी म्हणाला.

"गवळणीला मी ओळखत नाही का? मी म्हटलं, कोण हवंय तुम्हाला? तर म्हणाली, 'मला बोलावणं आहे. तुझ्या बाबांना विचार.'"

कारभाऱ्याच्या हातातला पेला खाली पडला. पाणी फरशीवर सांडलं, पण पसरलं नाही. ते एका रेघेत सरळ उंबऱ्याकडे गेलं, जणू कुणाला तरी आणायला.

त्या संध्याकाळी तो पेठेच्या कडेला जाऊन उभा राहिला. त्याला एवढंच म्हणायचं होतं, "येऊ नका." पण आयुष्यात त्याने कुणाला येऊ नका म्हटलं नव्हतं. त्याने तोंड उघडलं आणि तोंडातून निघालं, "बघू. करू काहीतरी." भरावाखाली काहीतरी हललं आणि पुन्हा शांत झालं.

खरं सांगून पेठ रिकामी करता आली असती. पण मग नदीची सोय कुठे केली, हे लोकांना सांगावं लागलं असतं. आणि लेक परत लांब गेली असती. कारभारी गप्प राहिला. गोड बोलणाऱ्या माणसाचं गप्प बसणं फार कडू असतं, मुलांनो.

पुढल्या पावसाळ्यात डोंगरात सात गावं पलीकडे धो धो पाऊस पडला. नगरावर मात्र लख्ख ऊन होतं. दुपारची जेवणं नुकती आटोपली होती. तेव्हा पाणी आलं. ते गरजत आलं नाही. परक्या घरी जपून पाऊल टाकावं तसं एकेक पायरी चढत आलं आणि सगळ्या रंगीत दारांशी क्षणभर थांबलं. मग आत शिरलं. वरून नदी आली होती आणि खालून पाणथळ वर आली होती. येताना तिने ओटीतला मुरूम आणि दगड परत आणले होते. ते तिने घराघरांत ओतले.

लोक वेळेवर वर जुन्या नगराकडे धावले, म्हणून जीव वाचले. कारभारी मात्र उलटा, लेकीच्या घराकडे धावला. लेक जिन्यावर उभी होती आणि ओरडत होती. खाली माजघरात कमरेइतकं पाणी भरलं होतं. आढ्याला बांधलेली दोरी तुटून पाळणा पाण्यावर तरंगत होता आणि हळूहळू गोल फिरत होता. बाळ शांत झोपलं होतं. कारभारी एक पाऊल पुढे गेला की पाळणा एक पाऊल मागे जात होता.

त्याने पाण्यात पाहिलं. हिरव्या लुगड्यातली बाई मांडी घालून बसली होती. पाळणा तिच्या मांडीवर होता.

"आले बरं का," ती म्हणाली.

"बाई, माझं नातवंड द्या. तुम्ही म्हणाल ते करू, तुमची सोय—"

"तेच शब्द. नदीची सोय कुठे केलीस ते सांग. तिला तिथे नेते आणि तुझं बाळ तुला देते."

कारभाऱ्याने तोंड उघडलं. पहिल्यांदाच त्याच्या जिभेवर एकही गोड शब्द नव्हता.

"कुठेच नाही," तो म्हणाला. "सोय केली नाही. करायचीही नव्हती. मी खोटं बोललो. तुम्ही येणार हे मला ठाऊक होतं आणि मी लेकीलासुद्धा सांगितलं नाही."

मग पाळणा आपोआप फिरला आणि जिन्याच्या पायरीला येऊन टेकला. लेकीने बाळाला उचलून छातीशी धरलं. तिने बापाचा शब्दन् शब्द ऐकला होता.

पाणी उतरलं नाही. लव्हाळी पुन्हा उगवली, यावेळी खिडक्यांतून. आजही तिथे घरांच्या आढ्यांवर पाणकावळे पंख वाळवत बसतात, असं म्हणतात. राजाने ती जागा पुन्हा कुणाला दिली नाही.

लेक माहेरी काही दिवस राहिली, पण बापाशी बोलली नाही. मग एका सकाळी बैलगाडी दाराशी आली. जावई गाडीत बसला. आईने लेकीची ओटी भरली, तांदळाने, नारळाने, खणाने. बाळाच्या गालाला तीट लावली. लेक आईच्या पाया पडली आणि म्हणाली, "आई, येते."

कारभारी उंबऱ्यात हात जोडून उभा होता. "या हं" त्याच्या ओठावर तयार होतं. लेक त्याच्यासमोर आली, वाकून नमस्कार केला आणि सरळ उभी राहिली.

"बाबा," ती म्हणाली, "जाते."

त्या मुलखात हा शब्द कुणी उच्चारत नसे. गाडी वळणाआड गेली. कारभारी हात जोडून तसाच उभा राहिला. पुढे आई अधूनमधून लेकीकडे जाऊन यायची. लेक त्या घरी परत आली नाही.

म्हणून, लहानांनो आणि मोठ्यांनो, एवढं ध्यानात ठेवा: परवानगी मागणाऱ्याने उत्तर आपल्या सोयीने ऐकू नये, कारण पाणी 'येते' म्हणालं की येतंच.