मुकी केलेली पिशवी

“माझ्यावर कोणी विश्वासच ठेवला नाही,” असं एक बाई रोज सकाळी ढगांना सांगत बसायची. माणसांना सांगून झालं होतं. ढग निदान मधेच उठून तरी जात नसत.

फार जुनी गोष्ट आहे ही. डोंगराच्या अगदी माथ्यावर एक गाव होतं, आणि ढगांची जाण्यायेण्याची वाट त्या गावातूनच जायची. ढग पुढच्या दारानं आत यायचे, माजघरात जरा टेकायचे आणि मागच्या दारानं निघून जायचे. त्यांना कोणी हाकलत नसे. रोजच्या पाहुण्यासाठी कोण उठतं?

घरात ढग असला की माणसाला स्वतःचा हातही दिसायचा नाही. म्हणून त्या गावात सगळं कानांनी चालायचं. गाय घंटेवरून ओळखायची, भात उकळीवरून, नवरा खोकल्यावरून. सुनेनं पोळी लाटायला घेतली की सासूला बसल्या जागी कळायचं, जाड होतेय की पातळ. ज्याचा आवाज झाला ते सगळ्यांना दिसलं. ज्याचा आवाज नाही ते नाहीच. अशी तिथल्या लोकांची पक्की समजूत होती.

ढगांचा त्रास एकच, सगळं दमट व्हायचं. गूळ पाझरायचा. राखुंडीचा दगड व्हायचा. आणि बायकांच्या पाळीच्या घड्या, मऊ सुती कापडाच्या शिवलेल्या, त्या चुलीशेजारी कितीही वाळवल्या तरी दुसऱ्या दिवशी ओलसर. मग त्यांच्यावर बारीक काळे ठिपके यायचे. तशीच घडी वापरली की खाज, फोड, ताप. बायका सोसायच्या. बोलायच्या नाहीत, कारण बोललं की आवाज होतो.

तर ही जी बाई, ती गावात मेणकापडाच्या पिशव्या करायची. सगळे तिला पिशवीवालीच म्हणायचे. आधीच्या पिशव्यांना नाडी होती. नाडी आवळली तरी मधे भोक राहायचं, आणि भोकातून ढग आत शिरायचा. ढगाला जागा ती किती लागते? म्हणून घड्या त्यांत कोणी ठेवत नसे.

एकदा शेतातून येताना पिशवीवालीचा पाय सरीत रुतला आणि दोन वरंब्यांमधे घट्ट बसला. ओढून निघेना. ती तशीच उभी राहून हसायला लागली. शेजारची म्हणाली, “वेड लागलं काय गं?” पिशवीवाली म्हणाली, “लागलं तर लागू दे. मला पिशवीचं तोंड सापडलं.”

पिशवीच्या एका ओठाला वरंबा, दुसऱ्या ओठाला सरी. वरंबा सरीत दाबून बसवला की ढगाला वाट कुठून मिळणार? पण सुचणं वेगळं आणि होणं वेगळं. फणसाच्या लाकडाचा साचा कोरायचा, त्यात लाख, मेण आणि एरंडेल कालवून ओतायचं, निघालेली पट्टी मेणकापडाला चिकटवायची. कधी वरंबा तुटायचा, कधी सरीच चिरायची, कधी पिशवी अशी मिटायची की फाडल्याशिवाय उघडायची नाही. बारा वर्षं गेली. डोक्याचे केस पांढरे झाले तेव्हा तो साचा जमला.

आता पिशवीचं तोंड चिमटीत धरायचं आणि एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत बोटं सरकवायची. टक, टक, टक, टक. शेवटचा टक झाला की पिशवी मिटली. हवी तेव्हा उघडा, हवी तेव्हा पुन्हा मिटा. हा टक तिनं मुद्दाम ठेवला होता.

“डोळ्यांना दिसत नाही, बोटं गारठलेली,” ती म्हणायची. “मिटली की नाही ते मग कानालाच कळायला हवं.”

प्रत्येक पिशवीच्या तळाला ती स्वतःचं नाव उमटवायची. गावाची रीतच तशी होती, कारण वेशीवर एक काळा खडक होता. कोणाच्या कामानं गावाला इजा झाली तर त्याचं नाव चुन्यानं त्या खडकावर लिहायचे. ढग हळूहळू चुना चाटून न्यायचे. नाव असेपर्यंत त्याच्याशी कोणी बोलायचं नाही, आणि नवव्या दिवशी त्याचं अवजार खडकासमोर जाळायचं.

हे नाव लिहिण्याचं काम गावच्या कारभारणीकडे होतं. म्हातारी होती, ताठ होती, आणि गाव तिच्या शब्दाबाहेर नव्हतं. लहानथोर तिला आक्का म्हणायचे, तिचं खरं नाव कोणी घेत नसे.

घड्या ठेवायच्या या नव्या पिशव्या घराघरांत देण्याआधी आक्का बघायला आली. म्हणजे ऐकायला आली. पिशवीवालीनं पिशवी मिटून दाखवली. टक, टक, टक, टक.

आक्काचा चेहरा उतरला. “हे असं वाजणार?”

“वाजणारच. वाजलं की मिटली.”

“अगं, माजघरात सासरे बसलेले असतात. पुरुष जेवत असतात. आतून टक टक झालं की कळलंच ना सगळ्यांना, आज कोण बाहेरची आहे ते. हा आवाज घालव.”

“आवाज वरंब्याचा आहे, आक्का. वरंबा खरवडला तर आवाज जाईल. पण पिशवीही नीट मिटायची नाही.”

“तुला काय जमत नाही? बारा वर्षं साचा कोरलास, दोन दिवस अजून कोर. वाजणारी पिशवी माझ्या गावात कोणाच्या घरात जायची नाही.”

पिशवीवाली तिला म्हणाली, होणार नाही. आक्का निघून गेली. घरोघरी निरोप गेला, आणि एकाही बाईनं दार उघडलं नाही. पिशव्यांचा ढीग अंगणात तसाच पडून राहिला. चौथ्या दिवशी पिशवीवालीनं कानस उचलली. एकेका पिशवीचा वरंबा घासून घासून बसका केला. आता पिशवी मिटताना काहीच ऐकू यायचं नाही. दोन ओठ नुसते एकमेकांवर झोपल्यासारखे पडायचे. बायकांना ती फार आवडली. दोन दिवसांत सगळ्या पिशव्या गेल्या.

ढगांना तर आनंदच झाला असेल. अर्धवट मिटलेल्या तोंडातून ते आत शिरायचे आणि घड्यांवर मजेत झोपायचे. बायका बोटं फिरवायच्या, काही ऐकू यायचं नाही, आणि मिटली असं समजायच्या. आधी घड्या उघड्यावर ठेवायच्या तेव्हा निदान रोज वाळवायच्या तरी. आता पिशवीच्या भरवशावर महिनाभर कोणी बघेना. दुसऱ्या महिन्यात मुली आजारी पडायला लागल्या.

पिशवीवाली दारोदार फिरली. “पिशव्या मिटत नाहीत. घड्या बाहेर काढा, वाळवा.”

“मिटते की आमची,” एक म्हणाली.

“कशावरून?”

“आवाज कुठं येतोय?”

तिनं पुढचं दार गाठलं.

सगळ्यांत जास्त आजारी पडली ती आक्काची नात. नुकती कुठे पाळी सुरू झालेली, दोन वेण्यांची पोर. तापानं फणफणलेली. आक्कानं तिची पिशवी उघडली तर आत काळी बुरशी.

“नीट मिटली नव्हतीस तू.”

“मिटली होती, आजी.”

“खोटं बोलू नकोस.”

पोरीनं भिंतीकडे तोंड केलं. आक्का बाहेर आली तेव्हा अंगणात चार आया उभ्या होत्या, चौघींच्या घरी तीच गत. गाव खडकापाशी जमलं. पिशवी उलटी केली, तळाचं नाव वाचलं.

“वरंबा मला खरवडायला लावला,” पिशवीवाली म्हणाली. “तेव्हाच मी सांगितलं होतं.”

सगळ्यांचे कान आक्काकडे वळले.

“मी म्हटलं होतं आवाज घालव,” आक्का म्हणाली. “पिशवी बिघडव असं कोणी म्हटलं होतं?”

आणि तिनं चुन्याचा कुंचला उचलून पिशवीवालीचं नाव खडकावर लिहिलं. नवव्या दिवशी साचा जळणार. बारा वर्षांचा साचा.

तेव्हापासून ती ढगांशी बोलायची. माणसं समोरून जाताना पावलं उचलून टाकायची, आवाज होऊ नये म्हणून. अशा सहा सकाळी गेल्या.

सातव्या दिवशी भर दुपारी, गावात ढग दाट भरलेला असताना, पिशवीवालीच्या दारात कोणीतरी अनवाणी येऊन उभं राहिलं. श्वास गरम होता.

“मावशी, मी आहे.” आक्काची नात. “तुमच्याशी बोलायचं नसतं ना.”

“नसतंच. मग आलीस कशाला, अंगात ताप घेऊन?”

“मी मिटली होती पिशवी. दोनदा बोटं फिरवली. आजी म्हणते, खोटं बोलते.”

“मिटली असणारच, पोरी. तू तुझं काम केलंस, पिशवीनं तिचं केलं नाही.”

पोर मुसमुसून रडली. विश्वास ठेवणारं माणूस भेटलं की रडू येतं, त्याला इलाज नाही. रडून झाल्यावर तिनं विचारलं, “पण तुम्ही तरी कसं सिद्ध करणार? आतला ढग कोणी बघितलाय?”

पिशवीवाली उठली. कोनाड्यात तिची स्वतःची पिशवी होती, न घासलेली, वाजणारी. त्यात ती रिठ्याची पूड ठेवायची. पूड तिनं ओतून घेतली, पिशवी झटकली, तोंड उघडलं आणि उंबऱ्यात धरली. सकाळपासून तिचं गाऱ्हाणं ऐकत बसलेला एक लहानसा ढग तिथेच होता, मांजराच्या पिल्लाएवढा. तो वास घेत घेत आत शिरला. टक, टक, टक, टक.

“आता तुझी दे,” ती म्हणाली.

पोरीनं सोबत आणलेली आपली पिशवी दिली. त्याच ढगाच्या भावंडाला त्या पिशवीत बसवलं, बोटं फिरवली. काही वाजलं नाही. दोन्ही पिशव्या फुगून बसल्या, दोन उशांसारख्या.

नवव्या दिवशी गाव खडकापाशी जमलं. लाकडं रचलेली होती, वर साचा. रोज दुपार कलताना घटकाभर ढग दरीत पाणी प्यायला उतरायचे आणि डोंगरावर ऊन पडायचं. तेवढ्यापुरते सगळे एकमेकांना दिसायचे, आणि लाजायचे. इतक्या जवळून चेहरे बघायची सवयच नव्हती.

पिशवीवाली दोन्ही पिशव्या घेऊन आली. एक फुगलेली होती. दुसरी चपटी, वाळत घातलेल्या फडक्यासारखी.

“परवा दोन्हींत ढग भरला होता,” ती म्हणाली. “ही मुकी. उघडून बघा.”

आक्कानं उघडली. आत काही नव्हतं, नुसता ओलसर वास.

“आणि ही वाजणारी.”

आक्कानं दुसरी उघडली. तोंडातून आधी एक पांढरा पंजा आला, मग सगळा ढग. कुडकुडत बाहेर आला, उन्हात डोळे मिचकावल्यासारखा थांबला आणि जाऊन आक्काच्या नातीच्या खांद्यावर बसला. पोर आजारी पडल्यापासून पहिल्यांदा हसली.

“जिच्यातून ढग बाहेर पडत नाही, तिच्यात तो शिरतही नाही,” पिशवीवाली म्हणाली. “एवढंच सांगत होते मी.”

सगळे एकदम बोलायला लागले. आम्हाला काय माहीत. आम्ही तर वापरणारे. सासूबाई म्हणाल्या होत्या. मामंजींना आवडलं नसतं. मामंजी म्हणाले, मला कोणी विचारलंच नाही, मी तर अर्धा बहिरा. एक म्हातारा पुढे येऊन म्हणाला, “आक्का, असं करा, ढगाचं नाव लिहा खडकावर. त्याला काय वाईट वाटतंय?” लोक हसले. बऱ्याच जणांना ते पटलंही.

आक्का हसली नाही. कुंचला तिच्या हातात होता. इतकी वर्षं तिनं कितीतरी नावं लिहिली होती आणि हात कधी थांबला नव्हता. दुसऱ्या हातातल्या फडक्यानं ती पिशवीवालीचं नाव पुसायला गेली.

“राहू दे ते,” पिशवीवाली म्हणाली. “कानस माझ्याच हातात होती. पिशवी मिटायची नाही हे ठाऊक असून मी घासली. माझं आहे ते माझं. पण आक्का, तेवढंच राहिलं तर गोष्ट अर्धी लिहिल्यासारखी होईल.”

ढग दरीतून परत निघाले होते. पायथ्याची झाडं दिसेनाशी झाली होती. थोडा वेळ थांबलं असतं तर कोणाला काही दिसलं नसतं, आणि कुंचल्याला आवाज नसतो. आक्काला ते कळत होतं. तिनं नातीकडे बघितलं.

“तू मिटली होतीस,” ती म्हणाली.

“हो, आजी.”

आक्कानं कुंचला चुन्यात बुडवला आणि ऊन होतं तोवरच लिहिलं.

साचा सरणावरून उतरवला. त्याच संध्याकाळी त्यातून पुन्हा उंच वरंबा निघाला. पहिली पिशवी आक्कानं मागून घेतली, तिच्यात स्वतःची राखुंडी भरली, आणि रोज सकाळी ओसरीवर बसून, दात घासून झाले की ती मिटायची. टक, टक, टक, टक. मग बायकांनी शिकेकाई ठेवली, पुरुषांनी तुरटी ठेवली. कोणाच्या पिशवीत काय आहे हे विचारायचं गाव विसरून गेलं. आता त्या गावाच्या वाटेनं ढग जातात तेव्हा घराघरांतून टक टक ऐकू येतं, आणि ढग हळूच आपली पावलं जपून टाकतात.

तात्पर्य काढायचंच तर एवढं: लाजेपायी एखादी गोष्ट मुकी करायला लावली, तर पुढे जी इजा होते ती करणाऱ्याची असते तितकीच करायला लावणाऱ्याचीही असते. म्हणून त्या खडकावर चुन्याच्या दोन ओळी होत्या. वरची ओळ ढगांनी लवकर चाटून नेली. खालची पुष्कळ वर्षं टिकली, कारण आक्कानं ती स्वतःच्या हातानं, गावातल्या सगळ्यांत मोठ्या अक्षरांत लिहिली होती. त्या ओळीत एकच नाव होतं, आक्काचं स्वतःचं, हौसाबाई.