एकसारख्या केसांची मेंढी

बिरोबाच्या जत्रेत देवापुढे अंथरायची घोंगडी मेंढीच्याच लोकरीची लागते. दरवर्षी ती माझी सगुणाआत्या विणायची. यंदा तालुक्याचे धनराजशेठ आपली घोंगडी घेऊन पंचांपुढे आले. हा मान गेला असता, तर आत्याचा माग बंदच पडला असता.

"शुद्ध लोकर!" शेठ म्हणाले. "कसर लागणार नाही, धुतली तरी आटणार नाही."

आत्याने कडेचा एक धागा ओढून त्याचा पीळ सोडला आणि कुतूहलाने निरखत विचारलं, "शेठ, यातला केस न् केस इतका सारखा कसा हो?"

"निवडक माल आहे, बाई! हजार केस काढा, जाडीत रतीभर फरक दिसणार नाही."

"अगं बाई! आमच्या मेंढीच्या पाठीवरचा केस वेगळा, पोटावरचा वेगळा. तुमची मेंढी काय सोऱ्यातून पाडलेली आहे?"

पंच खो खो हसले. कॉलेजात शिकलेलं मला तेव्हा आठवलं आणि मी चाचरत सांगितलं, "कारखान्यात रसायनाचा दाट रस बारीक भोकांतून दाबतात. शेवेसारखेच तंतू पडतात."

सरपंचांनी काडी ओढून दोन्ही घोंगड्यांचा एकेक धागा पेटवला. आत्याच्या घोंगडीच्या धाग्याला केस जळल्याचा वास आला आणि चिमटीत राख झाली. शेठच्या घोंगडीचा धागा प्लॅस्टिकसारखा वितळून टणक मणी झाला.

सरपंचांनी तो मणी शेठच्या हातावर ठेवला. "पुढल्या वर्षी या, शेठ. फक्त येताना मेंढी घेऊन या."