पहिल्या आव्याची म्हण

फार पूर्वी, नदीकाठच्या एका कुंभारवाड्यात एक कुंभारीण राहायची. तिच्या अंगणात मडकी जेवढी, त्याहून जास्त तिच्या तोंडात म्हणी. सासूशी भांडून आलेल्या मैत्रिणीला ती आधी पाणी द्यायची, मग म्हणायची, "डोळे पूस गं, घरोघरी मातीच्या चुली." लग्नाची घाई झालेल्या भाच्याला म्हणायची, "उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग!" रडणारी हसायची, भाचा लाजायचा. सारं गाव तिला म्हणीमावशी म्हणायचं.

तिला एकुलती एक लेक, सगुणा. लेकीच्या बाबतीत मात्र मावशीच्या जिवाला भारी घोर. सगुणाने पाण्याला मोठी घागर उचलली की, "नाकापेक्षा मोती जड नको गं!" चाकावर बसली की, "एक ना धड भाराभर चिंध्या नको, एकाच मडक्याकडे बघ."

सगुणा म्हणायची, "आई, कानात जागा नाही आता. पुढची म्हण परातीत ठेव, सवडीने घेते."

त्या कुंभारवाड्याची एक रीत होती. भांडी भाजायची भट्टी म्हणजे आवा. लेकराने आपल्या हाताने पहिला आवा लावला की आईने त्याच्या कानात एकच म्हण सांगायची. मग आवा उघडेपर्यंत अवाक्षर काढायचं नाही, आव्याला हातही लावायचा नाही. आई बोलली किंवा तिने हात लावला, तर तो आवा आईचा धरला जाई आणि लेकराला वर्षभर थांबावं लागे.

सगुणाचा पहिला आवा आला तो संक्रांतीच्या सुगडांचा. गावातल्या बायका वाणासाठी त्याच सुगडांची वाट बघत होत्या. संक्रांत चार दिवसांवर. बिघडलं तर दुसरी घडवून वाळवायला वेळच नव्हता.

मावशीला घास गोड लागेना. इतक्या म्हणींतून एक कशी निवडायची? सबुरीची सांगावी, तर पोर नको तिथे थांबून राहील. हिमतीची सांगावी, तर नको ती धिटाई करील.

शेजारची ठकूकाकू म्हणाली, "म्हण सापडेल गं. पण तू गप्प कशी बसणार? तोंडात सुपारी धरून तुझं भागायचं नाही, अख्खा नारळ धर!"

दिवस उजाडला. सगुणाने सुगडं रचली, गोवऱ्या लावल्या, वर पाचट आणि राख पसरली. मावशीने लेकीचे हात पाहिले. मातीने भेगाळलेले, पण जराही न थरथरणारे. तिने लेकीच्या कानाशी वाकून म्हटलं, "आपला हात जगन्नाथ." आणि तोंड मिटलं.

दुपारपर्यंत आवा छान धुमसत होता. मग नदीकडून वारा सुटला. एका अंगाने आग भडकली. अशा वाऱ्यात मावशी त्या बाजूला ओला चिखल थापायची. धूर कोंडून तिथली दहा-बारा भांडी दर वेळी काळी पडायची, पण बाकीची वाचायची. वीस वर्षं हेच चाललं होतं.

सगुणाने चिखलाला हातच लावला नाही. ती धावली फुटक्या खापरांच्या ढिगाकडे, आणि वाऱ्याच्या तोंडाला खापरांवर खापरं रचू लागली.

मावशी ताडकन उठली. तिने घमेल्यातून चिखलाचा गोळा उचलला.

"अगं, बघतेस काय? बोल!" ठकूकाकू ओरडली. "पोरीचं नाव पुढच्या वर्षी होईल. सुगडं गेली तर गाव काय पुजेल, तुझ्या म्हणी?"

सगुणाने मागे वळून पाहिलं. आईचा चेहरा पाहिला, हातातला चिखल पाहिला. हातातलं खापर तसंच धरून ती थबकली.

तेव्हा मावशीला तिचीच एक म्हण आठवली. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. मैत्रिणीला सांगितलं, भाच्याला सांगितलं. लेकीला तर आज सकाळीच सांगितलं. आणि आता तिच्या हातावर आपलाच भरवसा नाही?

तिने चिखलाचा गोळा घमेल्यात टाकला. खाली बसली, आणि दोन्ही हात मांडीखाली दाबून धरले, उगाच पुन्हा उठायला नकोत म्हणून.

सगुणाने मान वळवली आणि हातातलं खापर जागेवर बसवलं. आडोसा कमरेएवढा झाला. वारा त्यावर आपटून दोन बाजूंना फुटला. आग हळूहळू खाली बसली.

दुसऱ्या दिवशी सकाळी सगळा कुंभारवाडा जमला. सगुणाने राख सारली, पहिलं सुगड काढलं, बोटाने टिचकी मारली. टण्! लालबुंद, पक्कं. मग दुसरं, मग दहावं, मग शंभरावं. दोन तडकली होती, पण काळं एकही नव्हतं.

"मावशी, आता सोड तोंड," ठकूकाकू म्हणाली. "सांग एखादी ठसकेबाज म्हण!"

 मावशीचे डोळे भरून आले होते. "नाही गं सुचत," ती म्हणाली. "लेकीने एका दिवसात सगळ्या संपवल्या."

पुढच्या वेळी वारा सुटला तेव्हा मावशीनेही चिखल बाजूला ठेवून खापरांचा आडोसा रचला. बाजारच्या वाटेने जाणाऱ्या एका परगावच्या कुंभाराने थांबून विचारलं, "ही नवी तऱ्हा कुणाकडून शिकलात?"

मावशीने कमरेला पदर खोचला, मान ताठ केली आणि अख्ख्या वाड्याला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "माझ्या सगुणाकडून!"

तात्पर्य: आपल्या माणसाला चांगली म्हण जरूर सांगावी, पण एकदा सांगितली की आधी आपण तिच्यावर विश्वास ठेवावा.