राजाचे मांडलेले पान

एका राज्यात, जिथे सूर्य डोंगरामागून उगवे आणि डोंगरामागेच मावळे, करुणाकर नावाचा राजा होता. दिवेलागणीला त्याचे पान मांडले जाई, पण राजा लगेच पाटावर बसत नसे. आधी तो महाद्वारात उभा राही आणि विचारी, "कोणी उपाशी आहे का?" राज्याच्या पार टोकाला झोपडीत बसलेल्या म्हातारीलाही ती हाक आपल्याच उंबऱ्यावरून आल्यासारखी ऐकू येई. ज्याला भूक असे तो 'मी आहे' म्हणे, आणि त्याच्यापुढे वाढलेले ताट येई. सगळ्यांची उत्तरे आली की मग राजा जेवे.

आणि याच राज्यात, उत्तरेच्या डोंगराआड, आगदरी होती. तिच्या पोटात रात्रंदिवस जाळ भडके. आत गेलेला माणूस मरत नसे आणि परतही येत नसे. लोक म्हणत, राजा दयाळू आहे. लोक असेही म्हणत, की राजाने फितुरांना आगदरीत लोटले आहे. दोन्ही गोष्टी एकाच दमात म्हणत आणि सुखाने जेवत बसत. घास अडकायचा तो एकट्या सारजेचा. तिचा धाकटा भाऊ रायाजी त्या दरीत होता.

रायाजीने केले होते ते लहानसहान नव्हते. तो तळ्याच्या बांधाचा राखणदार. कालकेतू नावाच्या मांत्रिकाने त्याच्या मुठीत सोन्याचे कडे ठेवले आणि बांधाची किल्ली मागितली, ती रायाजीने दिली. बांध सुटला, खालची वाडी वाहून गेली. त्या गोंधळात कालकेतूने राजाच्या चुलीतला विस्तव चोरला, आपला खजिना उचलला आणि दरीत शिरला. ज्यांनी ज्यांनी त्याचे सोने घेतले होते, ते त्याच्या मागोमाग गेले. त्या सोन्यावर शाप होता, धरणाऱ्याची मूठ उघडत नसे.

तेव्हापासून वर्षप्रतिपदेला घरटी एक दगड आगदरीच्या तोंडावर टाकायची रीत पडली. दगडावर गेरूने आपल्या घराची खूण काढायची, म्हणजे कोणाची निष्ठा किती ते चारचौघांना दिसावे. राजाने दवंडी पिटवली, की दगड टाकू नका. लोक म्हणाले, राजा मनाचा मोठा, तो असेच म्हणणार, पण आपल्याला काही रीतभात आहे की नाही? पुन्हा दवंडी झाली, लोकांनी दगड थोडे मोठे घेतले. आता काय म्हणावे या माणसांना! यंदा दरीचे तोंड पुरते बुजले. सारजेनेही आपला दगड टाकला होता, कारण शेजारणी बघत होत्या. त्या दिवसापासून तिला झोप नव्हती.

एके सकाळी ती दरीवर गेली आणि दगडांपाशी बसून रडली. ढिगावर एक म्हातारा भारद्वाज पक्षी बसला होता, तांबड्या डोळ्यांचा. तो म्हणाला, "सारजे, रडून दगड हलत नाही. भाऊ हवा आहे का?"

"हवा आहे."

"मग तीन गोष्टी कर. तू टाकलेला दगड तू काढ. राजाच्या चुलीतला निखारा तळहातावर आण. आणि रायाजीने ज्यांचे घर बुडवले, त्यांच्या हातचा मूठभर भात आण."

सारजा ढिगात आपला दगड हुडकू लागली. दुसऱ्याच्या दगडाला हात लावला की तो डोंगराएवढा जड होई, कारण कालकेतूने आतून मंत्र टाकला होता, ज्याचा दगड त्यालाच उचलेल. दुपार कलली तेव्हा तिला आपली खूण दिसली, गेरूचे तुळशीपान. तिने तो दगड उपसला. वाडग्याएवढे भोक पडले आणि त्यातून धग आली. धगीबरोबर कोणीतरी कण्हल्याचा आवाज आला. सारजेने तो ओळखला. लहानपणी तापात रायाजी असाच कण्हत असे.

ती तशीच राजवाड्यावर गेली. मुदपाकखान्याबाहेर राजाचे पान मांडलेले होते, भातावरची वाफ विरली होती. आचारीण म्हणाली, बाई, रोज मांडते आणि रोज उचलते, बांध फुटला तेव्हापासून महाराज पाण्यावर आहेत. हाक मारतात, सगळीकडून उत्तरे येतात, उत्तरेकडून येत नाही. मग ते उठून जातात.

सारजा राजापुढे उभी राहिली. रस्ताभर तिने शब्द जुळवले होते, ते सगळे विसरली आणि मनात होते तेवढेच बोलली. "महाराज, ती आग कोणाची आहे?"

"माझी," राजा म्हणाला.

"मग आपल्याला दयाळू का म्हणायचे?"

राजा रागावला नाही. त्याने तिला आपल्या चुलीपाशी नेले. राज्यातल्या प्रत्येक घरची चूल इथल्याच विस्तवावर पेटली होती, तिची स्वतःचीसुद्धा. "दरीतला जाळ हाच आहे, सारजे. हा विझवला तर घरोघरच्या चुली विझतील. मी कोणाला लोटले नाही. पण आग माझी आहे, हे मी नाकारणार नाही."

"आपण राजे आहात. ओढून काढा त्याला."

"मूठ मिटलेली असेल तर हात ओढता येतो. माणूस आतच राहतो." राजाने आपले पंजे पुढे केले. नखे तुटली होती, बोटे सोलवटली होती. दगड त्याचे नव्हते, म्हणून एकही हलला नव्हता. सारजेने मान खाली घातली.

मग तिने चुलीतला निखारा उचलला आणि किंचाळली. तळहात नुसता कोमट झाला होता, पण मनगट भाजत होते. मनगटात सोन्याची पाटली होती. बांध फुटण्याच्या आदल्या दिवशी रायाजीने दिलेली. कुठून आणलीस, हे तिने तेव्हा विचारले नव्हते, आणि नंतर विचारायला कोणी उरले नव्हते. ती खूप वेळ पाटलीकडे पाहत राहिली, भावाची तेवढीच आठवण तिच्याजवळ होती. शेवटी काढून चुलीपाशी ठेवली. निखारा हातावर तसाच होता, आणि आता तो चिमणीच्या पिलाएवढा उबदार लागत होता.

तिसरी गोष्ट सर्वांत अवघड. वाहून गेलेल्या वाडीत धुरपदा नावाची बाई एकटी राहत होती. तिची लेक बकुळ पाण्यात गेली होती. सारजेने आपण कोण ते सांगितले, काही लपवले नाही. धुरपदा चुलीवरचा भात ढवळत राहिली.

मग म्हणाली, "मी माफ केलेलं नाही. करेन की नाही, तेही ठाऊक नाही. पण उपाशी माणसाला माझ्या दारातून कोणी हाकललेलं नाही. भात ने. त्याला सांग, घास घेण्याआधी माझ्या लेकीचं नाव घे."

एका हातात निखारा, पदरात भात, अशी सारजा दरीवर पोचली तेव्हा दिवेलागण झाली होती. तिने भोकाला तोंड लावून हाक मारली. आतून रायाजीचा आवाज आला. आक्का, तू जा, म्हणाला. मला इथेच जळू दे, माझी तीच लायकी आहे. राजाच्या तोंडाकडे बघायचं धैर्य माझ्यात नाही.

तेवढ्यात हाक आली. इतके दिवस दगडांवर आपटून परतणारी ती हाक आज वाडग्याएवढ्या भोकातून आत उतरली. "कोणी उपाशी आहे का?"

सारजेने निखाऱ्याचा हात आत घातला. "बघ, रायाजी. हाच विस्तव आहे. माझा हात भाजत नाही, कारण तुझी पाटली मी काढून ठेवली. हा धुरपदाच्या घरचा भात आहे. तिने तुला माफ केलेलं नाही. तरी दिलाय. खायच्या आधी तिच्या लेकीचं नाव घे, म्हणाली."

आतून काहीच आले नाही. सारजेला वाटले, संपले. मग हुंदका ऐकू आला आणि मग अगदी हळू, "बकुळ." सोन्याचे कडे खडकावर पडून खणकले. "बकुळ. मी केलं ते. महाराज, मी उपाशी आहे."

महाद्वारातून राजा निघाला तो अनवाणी, धावत. लोक दिवे घेऊन त्याच्या मागे आले. राजा दगडांच्या ढिगावर पालथा पडला आणि त्याने भोकातून आपला हात खांद्यापर्यंत आत घातला. रायाजीने तो धरला. पण भोक केवढे? हात मावे, माणूस मावेना. राजाने हात सोडला नाही. तो तसाच पडून राहिला, सोलवटलेला गाल गेरूच्या खुणांवर टेकून.

लोकांनी ते पाहिले. पहिल्यांदा कोण पुढे झाले ते सांगता येत नाही. कोणीतरी आपली खूण शोधली आणि दगड उचलला. मग दुसऱ्याने उचलला. शेजारणीही आल्या. दरीचे तोंड मोकळे झाले तेव्हा राजा आत उतरला आणि रायाजीला खांद्यावर घेऊन वर आला. ती हाक आता सगळ्या दरीत घुमली होती. एकेक मूठ उघडत गेली, सोने खडकांवर पडून त्याची माती झाली, माणसे वर येत गेली. जाळ तेवढाच होता, पण मूठ उघडलेल्या कोणालाही तो आता भाजत नव्हता.

रायाजीने पहिला घास धुरपदाच्या भाताचा घेतला, बकुळेचे नाव घेऊन. पुढे तो जन्मभर वाडीच्या वरचा बांध राखत राहिला. धुरपदा त्याच्याशी बोलत नसे. एका पावसाळ्यात मात्र तिने बांधावर त्याच्यासाठी भाकरी ठेवली आणि न बोलता निघून गेली.

राज्याची घडी बसली. वर्षप्रतिपदेला लोक आता दरीवर दगड नेत नाहीत, भात नेतात. कारण आत अजून एक जण आहे. कालकेतूची मूठ मिटलेलीच आहे. तो हाक ऐकतो आणि हसतो. दिवेलागणीला राजा महाद्वारात उभा राहतो, सारजा दरीच्या काठावर उभी राहते, आणि दोघे एकदमच विचारतात. मग सारजा कान देऊन थांबते.

आचारीण हल्ली दोन पाने मांडते, एक कालकेतूचे आणि एक राजाचे. राजा अजून जेवलेला नाही.