पानावरचं मीठ

बसा बायांनो, लेकरांना जवळ घ्या. पुष्कळ जुनी गोष्ट आहे, आपल्या पणजीच्या पणजीनेही ऐकलेलीच. नदीच्या वळणावर एक गाव होतं. गावात देवीचं देऊळ, आणि देवळाला लागून दोघी जावांचं घर. घरात खाणारी तोंडं पुष्कळ, शेत थोडं. मग दोघींनी लोकांच्या घरच्या कार्यांचे स्वयंपाक करायला घेतले. बारसं असो, मुंज असो, जिथे पंगत तिथे या दोघी.

थोरली मोठी नेमाची बाई. पहिली चूल पेटवली त्याच दिवशी तिने देवीसमोर वसा घेतला. कार्य ठरवायला कुणी आलं की सुपारी देई. ती सुपारी देव्हाऱ्यात ठेवायची, आणि एका दिवसाची एकच घ्यायची. दुसरा नेम मिठाचा. देवाधर्माचा स्वयंपाक नैवेद्याआधी चाखत नाहीत. तेव्हा मीठ घालायचं ते एकाच हाताने, थोरलीच्या. धाकटी चिरी, वाटी, फोडण्या देई, पण मिठाच्या बरणीला शिवत नसे. पानं वाढून होत, नैवेद्याचं ताट गाभाऱ्यातून परत येई, तेव्हा थोरली आमटीचा थेंब तळहातावर घेई. मग शंख वाजे आणि पंगत पहिला घास उचली.

अशी वर्षं गेली. हात बसला, नाव झालं. देवळाचं सगळं एक म्हातारी आजी बघत असे. तिने एकदा थोरलीला बोलावून सांगितलं, की यंदा उत्सवाची पंगत तू कर. मनासारखी झाली, तर देवीच्या रोजच्या नैवेद्याचा मान कायमचा तुमच्या घरी. थोरलीला आकाश ठेंगणं झालं. रोजची चूल, म्हणजे घरादाराची चिंता मिटली.

आठवडा सरला नाही तोच नदीपलीकडच्या इनामदारांचा माणूस आला. नातवाचं बारसं होतं, तेही उत्सवाच्याच दिवशी. थोरलीने मनाशी जुळवलं, बारसं सकाळी, पंगत दुपारी, मधे नदी तेवढी ओलांडायची. सुपारीला हात पुढे केला.

धाकटी हळूच म्हणाली, "जाऊबाई, देव्हाऱ्यात एक आहे की."

"असू दे गं. ही पण देवीनेच धाडली असेल."

देवीचं नाव आलं, तशी धाकटीने दुसरी सुपारीही देव्हाऱ्यात ठेवली.

त्या दिवशी थोरली बारशाला गेली, धाकटी देवळाच्या चुलीशी राहिली. बारशाला झाला उशीर. नाव ठेवायचा मान कुणाचा, यावरून दोन आत्या रुसून बसल्या, आणि बाळ बिननावाचंच पाळण्यात झोपून गेलं. सगळं आटोपून थोरली पदर खोचून धावत देवळाशी पोचली, तर पातेली चुलीवरून उतरलेली, पानं मांडलेली. एवढा उशीर झाला, धाकटीने मीठ घातलंच असणार, असं तिला वाटलं. तिने घाईघाईने पातेल्यांवर वाकून बघितलं. ते बघून धाकटीला वाटलं, जाऊबाईंनी मीठ घातलं. पानांत मीठ, लिंबू, कोशिंबीर वाढून झाली. भोपळ्याची भाजी वाढली, द्रोणाद्रोणांत आमटी ओतली. नैवेद्य झाला, ताट बाहेर आलं. थोरलीने आमटीचा थेंब जिभेवर ठेवला, मग भाजीची फोड चाखली.

आमटी अळणी. भाजी अळणी. गोडाची लापशी तेवढी बरोबर.

पंगतीत सगळा गाव बसलेला, पुजाऱ्याच्या हातात शंख. धाकटीचं डोकं चाललं, ती थोरलीच्या कानाशी लागली.

"अजून वेळ आहे. सांगू या, देवीचा कौल झालाय, यंदा अळणीचं व्रत. लोक हात जोडून जेवतील. वर पुण्य लागलं म्हणतील."

लोकांनी खरंच मानलं असतं. थोरलीने गाभाऱ्याकडे पाहिलं. तिला आठवलं, दुसरी सुपारी घेतानाही आपण हिचंच नाव पुढे केलं होतं. तिने पुजाऱ्याला थांबायची खूण केली आणि हात जोडून पंगतीपुढे उभी राहिली.

"मंडळी, आज मीठ घालायचं राहिलं. चूक माझी, माझ्या जावेची नाही. हव्यासाने एका दिवसात दोन कार्यं घेतली. पानात वाढलेलं मीठ कालवून घ्या, आणि मला पदरात घ्या."

तेव्हा कडेचा बोळक्या तोंडाचा म्हातारा म्हणाला, "जन्मभर जेवलो, पण पानात मीठ कशाला वाढतात ते आज कळलं बघ, पोरी."

हसू फुटलं ते पंगतभर पसरलं. शंख वाजला. जो तो आपापल्या चवीने मीठ कालवू लागला. कुणी म्हणे लिंबू इकडे द्या, कुणी म्हणे आमटी आणखी आणा. एक आजोबा तर डोळे पुसत जेवत होते. वैद्याने त्यांचं मीठ तोडलं होतं. कित्येक वर्षांनी ते गावाबरोबर, गावाच्याच वाढण्यातलं पोटभर जेवले.

पानं उचलली. थोरली देवळाच्या आजीपुढे मान खाली घालून उभी राहिली. मान गेला, असं समजूनच आली होती.

आजी म्हणाली, "देवीला आपण न चाखता नैवेद्य दाखवतो. म्हणजे रांधणारीच्या शब्दावरच ना? जी बाई शंखाआधी आपली चूक सांगते, तिच्या हातचं देवीला न चाखता चालेल. उद्यापासून चूल तुझी."

थोरलीने आजीचे पाय धरले. पुढे तिने एका दिवसाची दुसरी सुपारी कधी घेतली नाही. आणि गावातल्या प्रत्येक पंगतीत एक छोटं पातेलं मुद्दाम अळणी राहू लागलं, वैद्याने मीठ तोडलेल्यांसाठी. ते पातेलं धाकटी स्वतः, हसत, आग्रह करकरून वाढी.

देवीने त्या जावांची चूल जशी पेटती ठेवली, तशी तुमची-आमची ठेवो.

बोध एवढाच: आपली चूक समोरच्याच्या पहिल्या घासाआधी आपणच सांगावी, आणि ती झाकायला देवाला पुढे करू नये.