डब्यातलं मीठ

“पण मग तिनं सांगितलं का नाही, भाऊ?”

हा एकच प्रश्न घेऊन नंदन पावसकर पुण्याहून मिरजेला भाऊंच्या घरी आला होता. मीही तिथंच बसलो होतो. पाणीसुद्धा घेतलं नाही पठ्ठ्यानं.

भाऊ म्हणजे आमच्या पंपांच्या कारखान्याचे जुने मॅनेजर. नंदन त्यांच्याच हाताखाली तयार झाला. आता मोठ्या कंपनीत कर्मचाऱ्यांचं स्वास्थ्य बघतो. सगळं ऑनलाइन! सकाळी योगासनं, दुपारी ध्यान, संध्याकाळी मोबाइलवर आपला मूड नोंदवायचा. माणसं खूश तर काम दुप्पट, असं त्याचं गणित.

“शर्वरी मोबाइलवर रोज हसऱ्या चेहऱ्याचं बटण दाबायची. आणि काल एकदम राजीनामा. म्हणाली, कित्येक महिने धड झोपले नाही. माझ्याकडची सगळ्यात गुणी पोरगी, भाऊ. ती जायला नको...”

“जेवते काय ती?”

“ते मला कसं कळणार? सगळे आपापल्या घरून काम करतात.”



मला आमचं कँटीन आठवलं. काय दिवस होते ते! भाऊ रोज वेगळ्या टेबलावर बसायचे आणि “बघू, मीठ बरोबर आहे का,” म्हणत प्रत्येकाच्या डब्यात हात घालायचे. मॅनेजर हावरट आहे, असं आम्ही माघारी हसायचो. मग पुढे नंदनच्या डब्यात रोज नुसता पाव दिसायला लागला. आई आजारी असल्याचं त्यानं कुणाला सांगितलं नव्हतं. भाऊंनी आपली पोळीभाजी त्याच्यापुढे सरकवली आणि संध्याकाळी दवाखान्यात जाऊन बसले. आजही आठवलं की गलबलून येतं.

नंदनलाही तेच आठवलं असावं. चष्मा काढून तो पुसत बसला.

तेवढ्यात त्याचा मोबाइल किणकिणला. ‘दीर्घ श्वास घ्या.’

भाऊंनी तो उचलून पालथा ठेवला.

“तिचं घर ठाऊक आहे?”

“पत्ता आहे.”

“घर विचारलं मी.”



भाऊंनी आत हाक मारली, “सूनबाई, मेथीची भाजी आणि चार भाकऱ्या बांध गं डब्यात. याला आजच परत जायचंय.”

डबा आला. नंदन तो घेऊन उठला, पण दारात घुटमळला.

“हा तिला देऊ ना, भाऊ?”

“डबा तुझा. तिच्या घरी, तिच्यासोबत बसून उघड. मीठ तिला बघू दे.”