गोजाई लोहारणीचा सवाल

धामणगडाच्या दरवाज्याला अजून कवाडं होती, त्या काळची ही गोष्ट. गडाच्या पायथ्याला खैरवाडी, आणि खैरवाडीत गोजाई लोहारीण. भारी चौकस बाई. वाटसरू दिसला की कुठला, कुठं निघालास, कशापायी, सगळं विचारून घ्यायची. तिचा नवरा केरबा हसायचा, "अगं, जाऊ दे की त्याला!"

एका साली गनीम चालून आला. नदीच्या उतारावर लढाई झाली. गड राखला, पण केरबा परतला नाही. गोजाईनं डोळे पुसले आणि त्याचा हातोडा आपल्या हाती घेतला.

मग एके दिवशी शिपाई गनिमाची धरलेली माणसं घेऊन तिच्या दारी आले. किल्लेदार हैबतराव घोड्यावरूनच म्हणाला, "गोजाबाई, बेड्या ठोक ह्यांना. उद्या सगळ्यांचा कडेलोट."

गोजाईच्या मनात एकच घोळत होतं. ह्यातल्या कुणी मारलं माझ्या धन्याला? तिनं पहिल्याला विचारलं, "नाव काय तुझं? काय केलंस?"

"अब्बास. पखालवाला. घायाळांना पाणी पाजत होतो. तुमच्याही."

दुसरा बैल हाकणारा होता, वेठीला धरून आणलेला. तिसऱ्यानं मान खाली घातली. "मी रायाजी. मी लढलो, आई. उतारावर एका धिप्पाड गड्याला भाला मारला. त्याच्या कमरेला हातोडी होती."

गोजाईनं ओळखलं, तो केरबाच. मग तिनं हातोडा ऐरणीवर ठेवला.

"सरकार, माझ्या धन्यानंही भाला उचललाच होता. तो त्यांच्या हाती सापडला असता, तर त्याला कुणी दोन शब्द बोलू द्यावं, असं मला वाटलंच असतं. ह्यांचं ऐकल्याबिगर मी बेडी ठोकायची नाही."

हैबतराव खवळला. त्यानं शेजारच्या गावचा लोहार आणवला. पण कोळसा कोरडा, भाता फुगलेला, तरी भट्टी पेटेना. असं म्हणतात, की लोखंड ओढ्यातल्या दगडासारखं गारच राहिलं.

शेवटी हैबतराव घोड्यावरून उतरला, पारावर बसला आणि म्हणाला, "आणा एकेकाला. काय सांगतात, ऐकू." असं म्हणतात, की त्याच घडीला भट्टी आपसूक धगधगली.

पखालवाला आणि बैलवाला सुटले. रायाजी लढवय्या, म्हणून तह होईस्तोवर गडावर राहिला. पण कुणी त्याच्यावर हात उगारला नाही, की त्याची भाकरी बंद केली नाही. तह झाल्यावर घरी जाताना तो गोजाईच्या दारी थांबला. तिनं एवढंच विचारलं, "घरी कोण आहे रे तुझं?"

"आई आहे."

"मग उभा काय राहिलास? जा."

गोजाईला जाऊन किती पिढ्या झाल्या, कुणालाच ठाऊक नाही. पण आजही खैरवाडीतून कुणाला धरून न्यायला पोलिसांची गाडी आली, की एखादी बाई रस्त्याच्या मधोमध उभी राहते. "कुणाला नेताय? काय केलंय त्यानं? त्याला बोलू दिलंत का?" उत्तर मिळेपर्यंत ती हलत नाही. नवे साहेब चिडतात. जुना ड्रायव्हर मात्र मुकाट्यानं गाडी बंद करतो.